तीन पायांवर घरी येणाऱ्या कुत्र्याची तयारी: आधी पंजे बघा

कुत्र्याचा एक पाय काढायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर आज बाकी काही नाही केलं तरी चालेल, त्याचे पंजे उलटे करून बघा. नखं वाढली आहेत का? तळव्याच्या गाद्यांमधून केस बाहेर आले आहेत का? असतील तर ऑपरेशनच्या आधी कापा. तुम्हाला जमत नसेल किंवा तो पाय धरू देत नसेल, तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की भूल दिलेली असताना राहणाऱ्या तीन पायांची नखं आणि केस तेवढे काढून द्या. त्यांना त्याला फारसा वेळ लागत नाही, पण त्या दिवशी ऐन घाईत तुम्हाला हे आठवणार नाही. फाइलवर लिहून द्या.

नंतर करू म्हणाल तर होत नाही. चार पायांचा कुत्रा एक पंजा तुमच्या हातात देतो तेव्हा तिनांवर उभा असतो. तीन पायांच्या कुत्र्याचा एक पंजा उचललात की तो दोनांवर येतो आणि कोलमडतो. कुशीवर दाबून धरावं तर टाके ओढले जातात, शिवाय गुंगीतला आणि दुखणारा कुत्रा, कितीही गरीब असला तरी, दात दाखवू शकतो. आमच्याकडे मॅट, गादी, गोळ्यांचा तक्ता सगळं तयार होतं आणि पंजे कुणी पाहिलेच नव्हते. मॅटच्या कडेवरून जरा बाहेर पाऊल पडलं की पाय सर्रकन फाकायचा, आणि एकदा असं झाल्यावर कुत्रा उठायलाच घाबरतो. ती भीती घालवायला जखम भरण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

आता मॅट. गुळगुळीत फरशी तीन पायांना चालत नाही, हे सगळेच सांगतात. सांगत नाहीत ते असं की सतरंजी किंवा साधं पायपुसणं टाकलंत तर ते कुत्र्यासकट सरकतं, त्यापेक्षा फरशी बरी. खालून रबर असलेलं काहीतरी हवं. योगा मॅट चालतात, कडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं फरशीला चिकटवा. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सलग रस्ता झाला पाहिजे, मध्ये फट नको. पाण्याच्या भांड्याखाली तर हवीच, कारण तिथे पाणी सांडणार. आणि मॅट घातल्या म्हणून पंजे विसरू नका. तळव्याच्या गाद्यांवर केसांचा थर असेल तर कुत्रा त्या केसांवरून घसरतो, खाली काहीही अंथरलेलं असो.

पाय पुढचा गेलाय की मागचा, यावर बरंच अवलंबून आहे. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे पुढचा पाय गेलेल्याला तोल सावरायला जास्त वेळ लागतो. त्याला भांडी थोडी उंचावर द्या, म्हणजे मान खाली घालताना सगळा भार एका पायावर येणार नाही. पाठीवर मूठ असलेला हार्नेस उपयोगी पडतो, पण त्याचा पट्टा टाक्यांवरून जात नाही ना ते डॉक्टरांना दाखवून घ्या. मागचा पाय गेला असेल तर मांड्यांच्या पुढे, पोटाखालून एक लांब टॉवेल घाला आणि दोन्ही टोकं वर हातात धरा. त्यानं उचलायचं नाही, फक्त घसरलाच तर आधार म्हणून. नर असेल तर टॉवेल जरा पुढे सरकवा, नाहीतर लघवीच्या जागेवर दाब येऊन तो शू करणार नाही आणि तुम्ही उगाच काळजीत पडाल.

बहुतेक वेळा पाय अर्धवट न ठेवता बराच वरून काढतात. पुढचा तर अनेकदा खांद्याच्या हाडासकट. खुंट राहिला तर कुत्रा तो टेकवायचा प्रयत्न करतो आणि तिथे जखमा होतात. तेव्हा जखम तुम्ही मनात धरली असेल त्यापेक्षा मोठी दिसेल, अर्ध्या अंगाचे केस काढलेले असतील. घरातल्या मुलांना आधी सांगून ठेवा.

गोळ्यांचं हॉस्पिटलमधून निघण्यापूर्वी नीट विचारून घ्या: कुठली कधी, खाण्याआधी की नंतर, पुढचा डोस आज रात्री किती वाजता. कागदावर वेळा लिहून घ्या, ‘दिवसातून दोनदा’ एवढं पुरत नाही. मेलॉक्झिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखं वेदनाशामक असेल तर सहसा खाण्याबरोबर द्यायचं असतं. कुत्र्याला आधीपासून स्टेरॉइड चालू असेल तर ते आठवणीनं सांगा, स्टेरॉइड आणि ही वेदनाशामकं एकत्र चालत नाहीत. घरातली माणसांची वेदनाशामकं द्यायची नाहीत. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी आहे, पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनानं नाही. अंगावर फेन्टॅनिल या तीव्र वेदनाशामकाची पट्टी लावून दिली असेल तर तिच्याजवळ गरम पाण्याची पिशवी न्यायची नाही, उष्णतेनं औषध जास्त वेगानं अंगात जातं. ती पट्टी कुणी चाटणार नाही, मुलं काढणार नाहीत, हे बघा.

पहिली रात्र वाईट जाते. कुत्रा धापा टाकतो, रडतो, एका जागी टिकत नाही. हे सगळं दुखण्यामुळेच असतं असं नाही, गुंगीच्या औषधांनीही होतं. तरी मनात शंका आली तर फोन करा. रात्री फोन उचलणाऱ्या दवाखान्याचा नंबर आधीच फ्रिजवर लावून ठेवा. कुणीतरी एकानं त्याच खोलीत जमिनीवर झोपायचं. गादी घट्ट हवी. फार मऊ गादीत तो रुततो आणि तीन पायांवर उठता येत नाही.

शू साधारण २४ तासांत झाली पाहिजे, नाहीतर कळवा. शी मात्र तीन-चार दिवस न झाली तरी घाबरायचं नाही, भूल आणि वेदनेची औषधं पोट बांधतात. बाहेर न्यायचं ते पट्ट्यावर, पाचेक मिनिटं, परत. नर कुत्रा पाय वर करून करत असेल तर आता बसून करायला शिकेल. आणि हो, बाहेरून आल्यावर पंजे ओले असतील तर पुसा. ओला पंजा आणि फरशी म्हणजे पुन्हा तेच.

गळ्यातला कोन, म्हणजे टाके चाटू नयेत म्हणून डोक्याभोवती घालतात ती गळपट्टी, काढायचा नाही. ‘माझ्यासमोर आहे, लक्ष आहे’ म्हणून काढाल आणि फोन वाजला तेवढ्यात टाका निघालेला असेल. कोन लावून तीन पायांवर दारातून जाताना तो धडकणारच, म्हणून वाटेतली खुर्ची, टीपॉय हलवा. जखमेभोवती काळंनिळं होणं, ते हळूहळू खाली पोटाकडे उतरणं, थोडी सूज, मऊ पाण्याची पिशवी झाल्यासारखं वाटणं, हे होतं. रोज सकाळी त्याच उजेडात एक फोटो काढा, म्हणजे वाढतंय की कमी होतंय ते कळेल. पू, घाण वास, फट, ताजं रक्त, पांढरट हिरड्या यांपैकी काहीही दिसलं तर थांबायचं नाही. ताप हातानं बघू नका. कुत्र्याचं तापमान एरवीच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, तो आपल्याला नेहमीच गरम लागतो. घरगुती लेप, पावडर काही नको. आंघोळ नाही.

काही दिवसांनी, सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना, कुत्रा एकदम किंचाळून नसलेल्या पायाकडे वळून बघतो. कापलेल्या नसांच्या वेदना असू शकतात. व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, त्यावर गॅबापेन्टिनसारखी औषधं असतात. ‘नाटक करतोय’ असं म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा देऊन लवकर निरोप द्या.

पुढचं थोडक्यात. उड्या नाहीत, जिने नाहीत, सोफा नाही. दुसरा कुत्रा असेल तर वेगळा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. हाडाच्या कॅन्सरमुळे पाय काढला असेल तर केमोचं बोलणंही बहुधा त्याच भेटीत निघतं, प्रश्न लिहून न्या. जाताय तर तिथेच नखं पुन्हा बघून घ्या, तेव्हा दोन माणसं धरायला असतात. पुढेही दर काही आठवड्यांनी. वजन वाढू द्यायचं नाही, उरलेल्या सांध्यांवर सगळा भार आहे. लाड करायचे तर खाऊ रोजच्या जेवणातून वजा करा. पोहणं, व्यायाम हे जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.