पहाटे ट्रक सेल्फ घेईना? आधी बॅटरी बघा

जानेवारीत कारखान्याच्या यार्डात रात्रभर उभा राहिलेला उसाचा ट्रक पहाटे नुसताच कण्हतो आणि आळ येतो डिझेलवर. सातारा-सांगलीच्या थंडीत डिझेल सहसा गोठत नाही. खरी उघडी पडते ती बॅटरी. ऑइल गारठून दाट होतं, सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, जोर जास्त लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरी मंदावलेली असते. इंजिन हळू फिरलं की सिलेंडरमधली हवा पुरेशी तापत नाही, मग डिझेल पेटणार कसं?

म्हणून काम आदल्या संध्याकाळचं. गाडी बंद करून दोन-तीन तासांनी ट्रकच्या 12-12 व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी. टर्मिनलवरची बुरशी गरम पाण्याने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून आवळा. चेसीवरची अर्थची केबलही सोडवून घासा; ती हमखास राहते. डिझेल फिल्टरखालचं पाणी काढा.

सकाळी गिअर न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबलेला, म्हणजे गिअरबॉक्सचं दाट ऑइल सेल्फला घुसळावं लागत नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या हीटरचा दिवा असेल तर तो विझू द्या. सेल्फ दहा सेकंद मारा, मग एक मिनिट थांबा. सलग रेटलात तर सेल्फ जळेल.

तीनदा मारूनही लागली नाही, तर सायलेन्सर बघा. पांढरा धूर असेल तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. धूरच नसेल तर बहुधा लाइनने हवा धरली आहे. फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सैल करून हँड पंप मारा. बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की आवळा. कॉमन रेल गाडीत (जिथे डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाने साठतं) पुढच्या हाय प्रेशर पाइपांना हात लावू नका.

जंपर (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची केबल) लावायचा तर दुसऱ्या 24 व्होल्टच्या गाडीवरूनच. जीपची 12 ची बॅटरी इथे उपयोगाची नाही. शेवटची मायनस केबल बॅटरीपासून लांब, चेसीच्या उघड्या लोखंडावर. टाकीखाली चिंध्या पेटवणं तर साफ बंद करा. हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रेही नको, भडका उडतो.

लागल्यावर रेस करू नका. टर्बोपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो. हवेची वॉर्निंग बंद होऊन ब्रेकचा दाब पूर्ण भरल्याशिवाय हँडब्रेक सोडायचा नाही, मागे मुकादम कितीही ओरडला तरी.