शॉवर ट्रेची भेग बुजवण्याआधी खालची पोकळी भरा

आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, आई आंघोळीला गेली आणि आतूनच म्हणाली, "अगं, पायाखाली टक्कन काहीतरी वाजलं." टॉर्च मारून पाहिलं तर शॉवरखालच्या उथळ प्लास्टिकच्या ट्रेला, पाणी जाणाऱ्या जाळीपासून निघालेली केसासारखी भेग, बोटभर लांब. त्या दिवशी मी सिलिकॉनची रेघ ओढली, बोटाने सारखी केली आणि काम झालं असं समजले. तीन आठवड्यांत ती रेघ एका कडेने सुटली, भेग वीतभर झाली आणि शेजारच्या कपाटाच्या तळाला ओल आली. आईचे गुडघे दुखतात, ती भिंतीला धरून उभी राहते. तिच्या पायाखालची जमीन हलते हे मला चालणार नव्हतं. म्हणून दुसऱ्यांदा नीट बसून काम केलं. ते कसं, ते सांगते.

आधी भेग का पडते ते समजून घ्या, कारण सगळी दुरुस्ती त्यावर उभी आहे. कॅरॅव्हॅनमधले बहुतेक ट्रे एबीएस प्लास्टिकचे असतात. पत्रा तापवून साच्यावर हवेने ओढून घेतात. ओढताना पत्रा ताणला जातो, त्यामुळे कोपरे आणि जाळीभोवतीचा खोलगट भाग सगळ्यात पातळ राहतो. गाडीचं वजन वाढू नये म्हणून खाली भक्कम आधार देत नाहीत, चार लाकडी ठोकळे किंवा थर्माकोलसारखे तुकडे असतात. आपण पाय ठेवला की ट्रे लवतो, उचलला की वर येतो. जाळीची रिंग मात्र लवत नाही. रोज तीच जागा वाकते आणि एक दिवस तिथेच तुटते. म्हणजे भेग वरून कितीही छान बुजवली तरी खालची पोकळी तशीच राहिली तर पुन्हा तुटणारच.

तुमच्या ट्रेचं काय आहे ते बोटांच्या पेरांनी ठोकून पाहा. भरीव जागी आवाज बसका येतो, पोकळ जागी ढबढब वाजतं. मी पेन्सिलने पोकळ भागाभोवती रेघ मारत गेले, तर जवळजवळ अर्धा ट्रे त्या रेघेच्या आत आला.

मग ट्रे कशाचा आहे ते तपासा. काही ट्रेंच्या खालच्या बाजूला नाव कोरलेलं असतं. नसेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाने ॲसिटोनचा एक थेंब लावा. एबीएस चिकट होतं, ॲक्रिलिकही मऊ पडतं. काहीच झालं नाही आणि पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत लागत असेल तर ते पॉलिएथिलीन असण्याची शक्यता आहे. त्यावर इपॉक्सी (दोन घटक कालवल्यावर कडक होणारं रेझिन) धरत नाही, ते काम प्लास्टिक वेल्डिंगचं. ॲसिटोन एवढ्या थेंबापुरतंच. संपूर्ण ट्रे त्याने पुसू नका, कारण आधीच ताण बसलेल्या एबीएसला ॲसिटोन लागलं की नव्या बारीक चिरा सुटतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. दोन्ही पेट घेणारे आहेत आणि कॅरॅव्हॅन म्हणजे छोटी खोली, तेव्हा गॅस आधी बंद करा. फ्रिज किंवा गिझर गॅसवर चालत असेल तर त्याची ज्योतही विझवा, दारं-खिडक्या उघडा.

आता वाळवणं. या पायरीला घाई करू नका. पाणी खालच्या लाकडात गेलेलं असतं आणि त्यावर फोम भरला तर ओल आत कोंडून लाकूड कुजतं. मी जाळी काढली, त्या भोकातून आत बोट घालून पाहिलं. प्लायवूड ओलं होतं, पण दाबलं तर खचत नव्हतं. कपाटाची फळी काढून छोटा पंखा आत वारा जाईल असा लावला आणि दहा दिवस शॉवरला कुणीही हात लावला नाही. तुमचं लाकूड स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचल्यावर भुसभुशीत लागत असेल तर ही दुरुस्ती थांबवा. तिथे ट्रे काढून फळी बदलावीच लागते.

माझा ट्रे निघत नव्हता, कारण भिंतीचे पत्रे त्याच्या काठावर बसवलेले होते. निघत असेल तर नशीब समजा. उलटा करून खालून फायबर (रेझिनमध्ये भिजवलेलं काचकापड) लावता येतं आणि वरची बाजू दिसायला चांगली राहते. मला सगळं वरूनच करावं लागलं.

पोकळ भागात मी दहा-बारा सेंटिमीटर अंतरावर ६ मिमीची भोकं पाडली. चांगल्या ट्रेला भोकं पाडताना हात थबकतो, पण पुढे त्यांच्यावर फायबर येणार असतं. भोकांतून दारा-खिडक्यांच्या चौकटीसाठी मिळतो तो कमी फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम नळीने थोडा थोडा सोडला. जास्त फुगणारा फोम नको, तो ट्रेलाच वर उचलतो. शेजारच्या भोकातून फेस डोकावला की थांबायचं. सांडपाण्याच्या पाइपाचा सांधा आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, नाहीतर तो कायमचा फोममध्ये गाडला जाईल. मग ट्रेच्या मापाचा प्लायवूड वर ठेवून त्यावर वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन ठेवले, रात्रभर. ठेवल्या ठेवल्या पाणसळ लावून उतार जाळीकडेच आहे ना ते बघा, फोम घट्ट झाल्यावर बदलता येत नाही. सकाळी पुन्हा ठोकून पाहिलं. दोन जागा अजून पोकळ वाजत होत्या, तिथे आणखी एकदा भरला.

आता भेग. तिचं खरं टोक दिसतं त्याच्या पुढे असतं. एबीएसवर ताण आला की तो पांढुरका पडतो. टॉर्च जवळजवळ आडवी धरली तेव्हा भेगेच्या पुढे बोटाच्या नखाएवढी फिकट रेघ दिसली. त्या रेघेच्याही जरा पुढे ३ मिमीचं भोक पाडा. टोकदार भेगेत सगळा ताण एका बिंदूवर येतो, गोल भोकात तो पसरतो आणि भेग तिथे थांबते. दोन फाटे असतील तर दोन्हीकडे भोक हवं.

नंतर भेगेच्या रेषेत अर्ध्या जाडीपर्यंत व्ही आकाराची खाच काढा. सिलिकॉन कुठे लागलं असेल तर ते ब्लेडने खरवडून पूर्ण काढा. माझी पहिली चूक इथे मला फार महागात पडली. सिलिकॉनचा अदृश्य थर राहिला की त्यावर काहीच चिकटत नाही, आणि तेवढा पट्टा मला तीनदा घासावा लागला. संपूर्ण तळ ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. कुठेही चकाकी राहता कामा नये. घासताना मास्क लावा.

फायबर लावायला इपॉक्सी घ्या, पॉलिस्टर रेझिन नको. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरिन हे द्रावक एबीएसला खातं आणि एबीएसवर त्याची पकडही भरवशाची नसते. इपॉक्सी आणि हार्डनर (तिला कडक करणारा दुसरा घटक) काट्यावर मोजूनच घ्या. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते वाचा, दोन्ही आकडे वेगळे असतात. हार्डनर जास्त टाकला म्हणून लवकर वाळत नाही, उलट मऊ राहतं. एका वेळी शंभर ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. खोल कपात राहिलेलं मिश्रण स्वतःच तापून धूर सोडतं. हातमोजे हवेतच, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते. हवा १५ अंशांच्या खाली असेल तर काम पुढे ढकला.

खाच आणि भोकं घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा, लांबी (पुट्टी) भरतात तशी. ती चिकट असतानाच भेगेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर जाईल असा विणलेल्या काचकापडाचा तुकडा, आणि त्यावर संपूर्ण तळभर दुसरा थर. मी चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं कापड वापरलं. कोरडं कापड पांढरं दिसतं, इपॉक्सी मुरली की ते पारदर्शक होतं. कुठे पांढरा ठिपका राहिला म्हणजे खाली हवा अडकली आहे, ब्रशने टोचून टोचून ती बाहेर काढा. माझा जास्तीत जास्त वेळ जाळीच्या वळणावर गेला. तिथे कापडाला कात्रीने छोटे छेद दिले तेव्हा ते बसलं.

दुसऱ्या दिवशी हात लावला तर वर तेलकट थर लागेल. तो साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुऊन टाका, मगच घासा. तसाच घासला तर कागद भरून जातो आणि रंग सुटतो. १२० आणि मग २४० नंबरने घासून दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग तीन हात दिला. शेवटच्या हातावर ओलं असताना बारीक वाळू चाळणीने भुरभुरवली, आईचा पाय घसरू नये म्हणून. जाळी नव्या वॉशरने बसवली, काठाला नवं सिलिकॉन भरलं आणि सात दिवस पाणी लागू दिलं नाही.

मग जाळीला बूच लावून दोन सेंटिमीटर पाणी भरलं, पातळीला पेन्सिलची रेघ मारली आणि खाली कपाटात टिश्यू पेपर पसरले. दोन तासांनी पाणी रेघेवरच होतं. बूच काढून पाणी सोडलं, कारण सांधा गळत असेल तर तेव्हाच कळतं. टिश्यू कोरडे होते. आई आत गेली, दोन्ही पाय ठेवून थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे झुकली आणि म्हणाली, "आता वाजत नाही."