गेमिंग लॅपटॉप कधी घ्यायचा? बेळगावकडच्या पोरांसाठी सेलचं गणित

केसीईटीचं, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनीयरिंग प्रवेश परीक्षेचं, काउन्सिलिंग संपून बेळगावच्या जीआयटीला नाहीतर दुसऱ्या कुठल्या कॉलेजला सीट मिळाली की घरात पुढचा विषय लॅपटॉपचाच निघतोय, आणि पोराला पाहिजे असतोय गेमिंगचा. मग सगळे एकच विचारूलेत, आत्ता घेऊ की दसऱ्याच्या सेलला थांबू? माझं सांगणं असं आहे की तारीख नंतर बघा, आधी मॉडेल ठरवा आणि त्याची किंमत कागदावर लिहायला लागा. सेल कधी आहे ते सगळ्यांना माहीत असतंय की, पण आपल्याला पाहिजे तोच लॅपटॉप सेलच्या आधी कितीला मिळत होता हे फार कमी जणांना सांगता येतंय, आणि फसायला होतंय ते तिथंच.

तर पहिलं काम सेलच्या दीड-दोन महिने आधीचं. दोन, फार तर तीन मॉडेल पक्की करा. नुसतं लेनोवोचा एलओक्यू (LOQ), एचपीचा व्हिक्टस, आसुसचा टफ, एसरचा नायट्रो असं लिहून चालत नाही, कारण एकाच नावाखाली दहा प्रकार विकतात, कुठं प्रोसेसर वेगळा, कुठं स्क्रीन हलकी, कुठं ग्राफिक्स कार्ड कमी ताकदीचं. नावाच्या शेवटी जो लांबलचक इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा कोड असतोय तो पूर्ण लिहून घ्या, तोच खरा मॉडेल नंबर. सेलमध्ये जे एकदम स्वस्त दिसतंय ते बऱ्याच वेळा त्याच नावाचं पण कमी वॅटचं, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला वीज कमी देणारं मॉडेल असतंय. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाचंच बघा, लॅपटॉपातलं हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीलाही बसवता येतंय, नाव तेच राहतंय आणि गेममधला फरक मात्र चांगला जाणवण्याइतका असतोय. वॅटचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच्या स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपी म्हणून शोधा, तिथं नसेल तर यूट्यूबवर त्याच मॉडेलचा रिव्ह्यू बघा. एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते त्याची मापं, स्क्रीनच्या माहितीत ४५ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार, १०० टक्के एसआरजीबी असेल तर बरी. ४ जीबीच्या आरटीएक्स ३०५० ला आता हात लावू नका, कितीही स्वस्त मिळू दे. ४०५० ला ६ जीबी मेमरी आहे, ४०६०, ५०५० आणि ५०६० ला ८ जीबी, चार वर्षं काढायची असतील तर ८ जीबीवालाच बघा.

मॉडेल ठरलं की किंमत लिहायला लागा. अ‍ॅमेझॉनवर असेल तर कीपा नावाचं एक्स्टेन्शन टाकलं की मागच्या कित्येक महिन्यांचा किंमतीचा आलेख तिथंच दिसतोय, बाकी साइटचं आठवड्यातून एकदा बघून मोबाईलच्या नोट्समध्ये टिपून ठेवा. खोडलेली एमआरपी आणि तिच्या शेजारचं ३५ टक्के ऑफ हे बघायचंच नाही, त्या एमआरपीला तो लॅपटॉप कुणी कधी विकलेलाच नसतोय. मागच्या सहा महिन्यांत सगळ्यात कमी किंमत कुठली होती तेवढी एकच गोष्ट धरा. बँक कार्डाची सूट धरून सेलची किंमत त्याच्याएवढी किंवा खाली आली की घ्यायचा, नाही आली तर सेल कितीही मोठा असू दे, आपल्यासाठी तो सेल नव्हे.

आता वर्षभराचं बघू. मोठे मोके चार असतात. जानेवारीत २६ जानेवारीच्या आधीचे सेल, जुलैत अ‍ॅमेझॉनचा प्राइम डे आणि कॉलेज सुरू व्हायच्या वेळच्या ऑफर, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आधीचे सेल, आणि सगळ्यात मोठा दसरा-दिवाळीचा, म्हणजे अ‍ॅमेझॉनचा ग्रेट इंडियन फेस्टिव्हल आणि फ्लिपकार्टचा बिग बिलियन डेज. नोव्हेंबरच्या ब्लॅक फ्रायडेला आपल्याकडं लॅपटॉपात फार काही हाती लागत नाही. गुढीपाडवा आणि अक्षय तृतीयेला गावातल्या शोरूमवाल्यांच्या ऑफर असतात, त्यात कधी बॅग, माउस, वाढीव वॉरंटी असं मिळून जातंय, ते बघायला हरकत नाही.

दसऱ्याच्या सेलबद्दल एक गोष्ट आमच्याकडच्या घरांना नक्की माहीत पाहिजे. नाव दसऱ्याचं असलं तरी हा सेल दसऱ्याला सुरू होत नाही, त्याच्या बराच आधी सुरू होतोय. २०२३ मध्ये दोन्ही सेल ८ ऑक्टोबरला सुरू झाले आणि दसरा होता २४ ऑक्टोबरला. २०२४ मध्ये सेल २७ सप्टेंबरला, दसरा १२ ऑक्टोबरला. म्हणजे या दोन्ही वर्षी सेलचा पहिला दिवस पितृपक्षात आला, आणि घरात आज्जी म्हणणार म्हाळाच्या पंधरवड्यात नवीन वस्तू घ्यायची नाही. २०२५ मध्ये मात्र २२ सप्टेंबरला घटस्थापना झाली आणि २३ ला सेल लागला, त्यामुळं कुणाची काही कुरकुर झाली नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळं सगळे सण पुढं सरकलेत, दसरा २० ऑक्टोबरला आहे आणि पितृपक्ष जवळजवळ १० ऑक्टोबरपर्यंत. सेलची तारीख जाहीर झाली की कॅलेंडर उघडून बघा आणि म्हाळात येत असेल तर घरच्यांशी आधीच बोलून ठेवा, कारण चांगली मॉडेलं पहिल्या दोन-तीन दिवसांत संपतात आणि मुहूर्त बघत बसलं तर उरलंसुरलं घ्यावं लागतंय.

काही घरांत यावर तोडगा काढतात, ऑर्डर सेलमध्ये करायची आणि बॉक्स तसाच बंद ठेवून खंडेनवमीला पूजा करूनच उघडायचा. भावना मला पूर्ण कळते, आमच्याकडं त्या दिवशी गाडीपासून शिलाई मशिनीपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग लॅपटॉपची का नाही. पण बॉक्स बंद ठेवू नका. लॅपटॉप बदलून द्यायची मुदत बहुतेक वेळा फक्त ७ दिवसांची असते, त्यात सुद्धा पैसे परत नाही, बिघाड असेल तर तोच लॅपटॉप बदलून मिळतोय. दहा दिवसांनी पूजा करून उघडला आणि स्क्रीनवर ठिपका निघाला तर मग सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या आल्या. आल्या दिवशी उघडा, चेक करा, परत बॉक्सात घालून ठेवा आणि खंडेनवमीला हळदकुंकू लावून पूजा करा, आज्जीला असं समजावून सांगितलं तर ती पण ऐकते.

जुलै की दसरा याचं उत्तर कॉलेजवर आहे. पहिल्या सेमिस्टरला प्रोग्रॅमिंग शिकायला गेमिंग लॅपटॉप लागत नाही, घरात जुना कसला तरी चालू लॅपटॉप असेल तर त्याच्यावर दसऱ्यापर्यंत आरामात निघतंय. घरात काहीच नसेल तर जुलै-ऑगस्टलाच घ्या, अभ्यास थांबवून दोन-तीन हजार वाचवण्यात अर्थ नाही. आर्किटेक्चर, ॲनिमेशनवाल्यांना पहिल्या दिवसापासून ताकद लागते, त्यांनी तर थांबूच नये.

आणि थांबण्याला एक मर्यादा ठेवा. पूर्वी थांबला की स्वस्त मिळणार हे बऱ्यापैकी खरं होतं, आता तसं राहिलेलं नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी महाग झाली, एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागूलीय म्हणून बनवणाऱ्या कंपन्या माल तिकडं वळवूलेत, मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकांना विकायचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. याचा अर्थ तोच लॅपटॉप पुढच्या सेलला महाग पण असू शकतोय. म्हणून आधी जो सल्ला सगळे द्यायचे, की ८ जीबीचा घे आणि रॅम नंतर घाल, तो आता मी देत नाही, १६ जीबी बसवूनच आलेला घ्या, फक्त रॅमचे दोन स्लॉट आहेत का तेवढं बघा.

नवीन ग्राफिक्स कार्डाचं पण एक चक्र असतंय. एनव्हिडिया लॅपटॉपाची नवीन कार्डं बहुतेक वेळा जानेवारीत जाहीर करते, ४० ची मालिका जानेवारी २०२३ मध्ये, ५० ची जानेवारी २०२५ मध्ये. जाहीर झाली म्हणजे लगेच दुकानात आली असं नाही, ५०६० चे लॅपटॉप मे २०२५ मध्ये यायला लागले. या मधल्या काळात आणि त्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याच्या सेलमध्ये जुना आणि नवा माल एकत्र असतोय, जुन्यावर खरी घासाघीस तेव्हाच करता येते. त्याच्या पुढं थांबलात तर जुना स्वस्त होत नाही, संपून जातोय.

पैशाचं बघू, इथं लोक घाई करतात. बँक कार्डाची १० टक्के सूट म्हणून मोठ्या अक्षरात लिहितात पण खाली कमाल मर्यादा असते. ८०,००० चा लॅपटॉप म्हणजे ८,००० सुटले असं धरू नका, मर्यादा वाचा आणि मगच गणित करा. काही वेळा ईएमआयवर सूट जास्त आणि एकदम पैसे भरले तर कमी असं असतंय, दोन्ही करून बघा. नो कॉस्ट ईएमआय अगदी फुकट नाही, व्याजाएवढी सूट आधीच देतात पण त्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी लावते, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. ८०,००० चे ९ हप्ते आणि १५ टक्के व्याज धरलं तर व्याज साधारण ४,७५० होतंय, त्याच्यावर जीएसटी साडेआठशेच्या आसपास. एवढं चालत असेल तर खुशाल घ्या, फक्त माहीत असू दे. पुण्याच्या मामाचं कार्ड वापरणार असाल तर सेलच्या आधीच मामांना विचारून कार्ड साइटवर टाकून ठेवा आणि त्या रात्री त्यांना फोन जवळ ठेवायला सांगा, ओटीपी त्यांच्याकडं जाणार. साइटची मेंबरशिप असेल तर सेल एक दिवस आधी उघडतोय, रात्री १२ ला. पत्ता, कार्ड, कार्टमध्ये माल, सगळं आदल्या दिवशी तयार पाहिजे.

कोल्हापूरला स्वस्त मिळतोय काय, गोव्याला टॅक्स कमी आहे काय, हे पण विचारतात. लॅपटॉपावर जीएसटी १८ टक्के, बेळगावात तेवढाच, कोल्हापुरात तेवढाच, हुबळीत आणि पणजीत पण तेवढाच. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, लॅपटॉप आधीपासूनच १८ वर होता, त्यात काही बदल झाला नाही. त्यामुळं टॅक्ससाठी हद्द ओलांडायची गरज नाही, शंभरेक किलोमीटर जायचं तर फक्त मॉडेल हातात घेऊन बघायचं असेल तर जा. त्यापेक्षा ऑनलाइनच्या शेवटच्या किंमतीचा स्क्रीनशॉट घेऊन गावातल्या दुकानात जा आणि सरळ विचारा, अण्णा, याच्या जवळपास येतंय काय? हजार-दीड हजार जास्त म्हणाले तरी मी दुकानात घेईन, कारण समोर उघडून चालू करून देतात आणि उद्या काही झालं तर विचारायला माणूस असतोय.

खेड्यातल्यांनी एक काम जास्त करायचं. ऑनसाइट वॉरंटी म्हणजे इंजिनीयर घरी येणार, पण तो तुमच्या पिनकोडला येतोय काय ते घ्यायच्या आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारा. बेळगाव शहरात ५९०००१ ला येतोय म्हणजे कणकुंबीला पण येईल असं धरू नका. डिलिव्हरीचं पण तसंच, समोर बॉक्स उघडून दाखवायची सोय प्रत्येक पिनकोडला नसते, बेळगावात टिळकवाडी-शहापूरला कुणी पाहुणे असतील तर पत्ता त्यांचा द्या.

माल आला की सील तोडायच्या आधीपासून मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा, बॉक्सवरचा आणि लॅपटॉपखालचा सिरियल नंबर त्यात दिसला पाहिजे. मग पांढरी, काळी, लाल स्क्रीन लावून ठिपके बघा, सगळे पोर्ट, कीबोर्डची प्रत्येक कळ, कॅमेरा, वायफाय बघा, आणि चार्जर लावून तासभर एखादा जड गेम चालवा. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं की गेम चालू असताना कार्ड किती वॅट खातंय ते कळतंय, जाहिरातीतल्या आकड्याच्या जवळ येत नसेल तर लगेच तक्रार टाका, मुदत ७ दिवसांचीच आहे. चार्जर लावूनच बघायचं हे महत्त्वाचं, बॅटरीवर गेमिंग लॅपटॉप बऱ्याच कमी ताकदीनं चालतोय. खानापूरकडं पावसाळ्यात हेस्कॉमची लाइट जाते त्या वेळी तपासून लॅपटॉप खराब आहे म्हणू नका.

शेवटी कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. बऱ्याच वेळा ती लॅपटॉप कंपनीतून निघाला त्या तारखेपासून दाखवते आणि तुमचे दोन-तीन महिने उगीच जातात. बिल अपलोड केलं की तारीख दुरुस्त करून देतात, ते पहिल्याच आठवड्यात करून घ्या आणि बिलाची पीडीएफ पप्पांच्या मेलवर पण पाठवून ठेवा.