बोटुकली घेताना तिचं कूळ विचारा

मृगाचा पाऊस झाला की तासगाव-कवठेमहांकाळपासून माण-खटावपर्यंतचे शेततळेवाले विचारू लागतात, बोटुकली, म्हणजे तळ्यात सोडायची बोटाएवढी माशाची पिल्लं, कुठं मिळेल आणि शेकडा काय भाव? कूळ कुणीच विचारत नाही. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घेताना मात्र वळू कोणता, गाय कुणाची, हे आपण खोदून खोदून विचारतो.

मागच्या हंगामात आटपाडीकडं एका तळ्यावर जाळं ओढलं, तेव्हा मी काठावरच होतो. रोहू म्हणून सोडलेल्यांत पाच-सहा मासे वेगळेच निघाले. डोकं रोहूपेक्षा मोठं, कटल्यापेक्षा लहान; ओठ ना रोहूसारखे झालरीचे, ना कटल्यासारखे साधे. हा कटला-रोहूचा संकर. मत्स्यबीज केंद्रात दोन्ही जातींचे नर-माद्या एकाच कुंडात सोडले की तो आपोआप होतो.

खायला हा मासा उत्तम. कटल्यापेक्षा डोकं लहान म्हणून मांस जास्त, वाढ रोहूपेक्षा बरी. अडचण पुढं आहे. तो वांझ नसतो. त्याला पैदाशीला ठेवलं की पुढची पिढी एकसारखी येत नाही आणि कटला, रोहू दोघांचंही मूळ बिघडतं. संकरित मक्याचं कणीस आपण बियाण्याला ठेवत नाही, तसंच हे.

गुण सुधारायचे तर एकाच जातीतले लांबलांबचे वाण एकत्र आणावे लागतात. भुवनेश्वरच्या 'सीफा' या केंद्रीय संस्थेनं १९९२ मध्ये नॉर्वेच्या मदतीनं हेच काम हाती घेतलं. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्यांतला रोहू आणि स्थानिक तळ्यांतला रोहू यांचे आपसात संकर केले आणि दर पिढीत वेगानं वाढणारी घराणी निवडून पुढं नेली. पिढीमागं वाढीत सुमारे १७ टक्के भर पडली. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात, या वाणाला 'जयंती' नाव मिळालं. आपल्या फलटणला निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला, तोही असाच, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून. नुसत्या एका संकरानं काम भागत नाही.

म्हणून बीज केंद्रात दोन गोष्टी विचाराच. पैदाशीचे मासे मुळात कुठून आणले, आणि नर किती, माद्या किती? २ नर आणि २० माद्या असतील, तर प्रत्येक पिल्लात निम्मं रक्त त्या दोन नरांचंच येतं, म्हणून हिशेबानं ती पैदास जेमतेम ७ माशांइतकीच धरायची. चार-पाच पिढ्या असंच चाललं की सख्ख्यात सख्खं होऊन वाढ खुंटते, वाकड्या पाठीचे मासे दिसू लागतात. दर दोन-तीन वर्षांनी बाहेरून नर आणणारं केंद्र मिळालं, तर चार पैसे जास्त द्या. आपल्याच तळ्यातले मोठे मासे पैदाशीला राखू नका.

बोटुकली तीन-चार इंचांची घ्या. पिशवी १५-२० मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या. गुंठ्याला ५० ते ६० पुरेत. द्राक्षवाल्यांच्या प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात नैसर्गिक खाद्य कमी असतं. तिथं भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मी-निम्मी दिली नाही, तर जयंतीही साध्या रोहूसारखीच राहते.

फरक स्वतः पाहायचा असेल तर दोन तळ्यांची तुलना करू नका, पाणी वेगळं असतं. एकाच तळ्यात, एकाच मापाचे, दोन्ही वाणांचे पन्नास-पन्नास सोडा. एका वाणाचा पोटाखालचा उजवा पर मुळाशी कातरून खूण ठेवा. सहा महिन्यांनी जाळं ओढून दोन्ही वेगवेगळे तोला.

कृष्णा-वारणाकाठच्यांनी आत्ताच तळ्याचा बांध उंच करून सांडव्याला बारीक जाळी बसवावी. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिलाय. संकर मासा नदीत गेला, की तिथून परत काढता येत नाही.