मोकळ्या रानात चरून खाणारी कोंबडी कशी निवडायची

कोणती जात घ्यावी असं कुणाला विचारलं की लगेच अंड्यांचे आकडे ऐकवतात. ग्रामप्रिया दोनशे देते म्हणे, अहो पण कधी, तर बसल्याजागी पोटभर खाद्य मिळाल्यावर! आपल्याला पक्षी दिवसभर उकरून खाणारा पाहिजे, त्यामुळे अंडी नंतर, आधी कोंबडीचे पाय आणि वजन बघा.

खुराडं, बल्बची ऊब, लासोटा-गंबोरोच्या लसी हे सगळं तुम्ही करणारच आहात, त्यावर वेळ घालवत नाही.

वजनदार पक्षी नको. घार आली की त्याला पळता येत नाही, रात्री उंच दांडीवर उडून बसता येत नाही. पांढराही नको, लांबूनच दिसतो.

गावरान चरायला एक नंबर, वर्षाला साठ-सत्तर अंडी आणि खुडूकही बसते, म्हणजे अंडी स्वतः उबवते. कडकनाथ चपळ आहे, पण अंड्यांवर बसेल याचा भरवसा नाही. असील आई म्हणून उत्तम, पण दोन मोठे कोंबडे एकत्र ठेवले की रक्तबंबाळ होतात. हैदराबादची वनराजा आणि बंगळुरूची गिरीराज परसात चांगल्या चालतात, फक्त त्यांना ब्रॉयलरचं खाद्य चारू नका, कोंबडे फुगतात आणि पायातून जातात.

आता खरी अवघड गोष्ट. मलाही सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला. जात बरोबर असली तरी कळपातला प्रत्येक पक्षी चरतोच असं नाही, आणि बाजारात डीपी क्रॉस, म्हणजे गावरानसारखी दिसणारी संकरित कोंबडी, सर्रास "प्युअर गावरान" म्हणून विकतात. एक दिवसाच्या पिल्लावरून काही कळत नाही, विकणाऱ्याच्या शब्दावर तर मुळीच जाऊ नका. शक्य असेल तर दीड-दोन महिन्यांची पिल्लं घ्या. सगळी एकाच मापाची, जाड पायांची आणि वयाच्या मानाने भारी दिसली तर तो क्रॉस समजा, गावरानच्या घोळक्यात रंग, तुरे, पाय सगळं वेगवेगळं असतं आणि किलो-सव्वा किलो व्हायला चार-पाच महिने लागतात.

पिल्लं मोठी करून बाहेर सोडायला लागलात की सकाळी खाद्य देऊ नका, जास्तीत जास्त मूठभर कणी. सकाळीच भांडं भरलं तर चांगली गावरानसुद्धा दिवसभर भांड्याभोवती घुटमळते आणि मग लोक म्हणतात जात खराब. संध्याकाळी खुराड्यात शिरताना, खाद्य टाकायच्या आधी, एकेक पक्षी हातात घ्या आणि मानेच्या बुडाशी, किंचित उजवीकडे असलेली पिशवी चाचपा. चरलेल्याची टम्म भरलेली लागते, आत दाणे, गवत बोटांना जाणवतं. न चरणाऱ्याची सपाट. एका दिवसावरून ठरवू नका, आठवडाभर बघा, पायात रंगीत कडी घालून लक्षात ठेवा. पिशवी सपाट आणि पक्षी मलूल असेल तर तो आजारी आहे, वेगळा काढा आणि डॉक्टरांना दाखवा. धडधाकट असून रोज सपाट, तो कितीही देखणा असला तरी पुढच्या पिढीसाठी ठेवायचा नाही, विकून टाका. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

उरलेल्यांत आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा ठेवा, तोही चरणाराच, आणि दोन वर्षांनी बाहेरचा आणून बदला. वनराजा-गिरीराजची अंडी उबवून पुढची पिल्लं तशीच निघत नाहीत, ती पिल्लं दरवेळी नवीनच आणावी लागतात. अंडी उबवायला खुडूक बसलेली गावरान वापरा, एकवीस दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि उकिरडा कसा उकरायचा ते आईच शिकवते.