साथीने गावाचे काय नेले, हे दप्तरात कसे शोधावे

महासाथीचा आर्थिक परिणाम म्हटले की देशाचे सकल उत्पादन किती टक्क्यांनी घसरले, हा आकडा पुढे येतो. परंतु एखाद्या गावात नेमके कोणाचे काय गेले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते शोधण्याची साधने तहसील कचेरीत, गावाच्या विकास सोसायटीत (शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत) आणि किराणा दुकानदाराच्या गल्ल्याखाली पडून असतात. 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, आणि 2020-21 चा कोरोना या दोन साथींचा अभ्यास आपल्या गावापुरता करू पाहणारे विद्यार्थी, शिक्षक आणि स्थानिक पत्रकार यांच्यासाठी ही पद्धत येथे मांडली आहे.

प्रथम गाव एकच निवडावे आणि साथीच्या वर्षाआधीची किमान तीन व नंतरची चार-पाच वर्षे तपासायला घ्यावीत. साथीच्या वर्षाची तुलना केवळ आदल्या वर्षाशी केल्यास फसगत होते. उदाहरणार्थ, 2019 हे वर्ष कोल्हापूर-सांगलीत महापुराचे होते. त्याच्याशी तुलना केली तर 2020 हे साल उगाच सुखाचे वाटू लागेल.

1918 साठी सुरुवात कोतवाल बुकापासून, म्हणजे जन्म-मृत्यूच्या गाव नमुना 14 पासून करावी. ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळते. त्या काळचे पान बहुधा मोडीत असते, त्यामुळे मोडी वाचणारी व्यक्ती सोबत असणे आवश्यक आहे. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात इन्फ्लुएन्झा शोधत बसू नये. पटकी (कॉलरा) आणि देवी यांना स्वतंत्र नावे होती. या नव्या आजाराचे मृत्यू मात्र बहुतेक ‘ताप’ याच शब्दाखाली लिहिले गेले. सप्टेंबर-ऑक्टोबर 1918 च्या पानांवर एकाखाली एक तोच शब्द, त्याच हस्ताक्षरात येत राहतो आणि वयाच्या रकान्यात वीस ते चाळीस या वयाची माणसे नेहमीपेक्षा दाट दिसू लागतात. म्हणून कारण बाजूला ठेवून एकूण मृत्यू मोजावेत. समजा, आधीच्या तीन वर्षांची सरासरी 40 आहे आणि 1918 मध्ये 110 मृत्यू झाले, तर 70 हे जादा मृत्यू धरावेत आणि त्यांपैकी कमावत्या वयाचे किती, ते वेगळे लिहावे. आर्थिक हिशेब याच दुसऱ्या आकड्यावर उभा राहतो.

त्यानंतर फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना 6 पाहावी. माझ्या मते साथीचा सर्वांत खरा ठसा येथेच सापडतो, कारण उत्पन्न पुढच्या हंगामात भरून निघते, पण हातची गेलेली जमीन सहसा परत येत नाही. 1918 च्या मृत्यूंच्या वारसनोंदी त्याच वर्षी होत नाहीत. त्या 1919 पासून पुढे तीन-चार वर्षे विखुरलेल्या असतात. वारसनोंदीच्या पाठोपाठ त्याच जमिनीवर गहाणखत किंवा मुदत खरेदी (ठरल्या मुदतीत पैसे फेडल्यास जमीन परत मिळेल, अशा अटीची विक्री) आली आहे का, हे पाहावे. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचे नाव, पालनकर्ती म्हणून आईचे नाव आणि वर्षा-दोन वर्षांत सावकाराच्या नावे झालेला फेरफार, हा क्रम दिसला की त्या नोंदीवर खूण करून ठेवावी. कोरोनाकाळासाठी हेच काम दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2 (नोंदणी झालेल्या जमीन-व्यवहारांची यादी) वरून करता येते.

आता कठीण भाग. साथ एकटी आलेली क्वचितच आढळते. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग सुरू झाला, तेव्हा प्रांतात दुष्काळही होता. 1918 मध्ये पाऊस फसला आणि युद्धामुळे महागाई आधीच भडकलेली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. ही कारणे वेगळी करण्यासाठी मजुरीचा दर उपयोगी पडतो. दुष्काळात काम नसल्याने मजुरी उतरते; माणसे दगावली किंवा पळून गेली तर ती चढते. 1897 च्या आरंभी मुंबईतून कामगारांचे लोंढे बाहेर पडले, तेव्हा उरलेल्या कामगारांनी रोजच्या रोज पगार मागितला आणि गिरण्यांना तो द्यावा लागला. पेरणीखालचे क्षेत्र हे दुसरे मोजमाप असले, तरी ते जपून वापरावे. अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी भारतातील 1916-17 आणि 1919-20 मधील पेरणी ताडून, साथीत मजूर मेले तशी पेरणीही घटली, म्हणजे शेतीत फालतू (नसले तरी चालतील असे) मजूर नव्हतेच, असा निष्कर्ष काढला होता. त्यांच्या या हिशेबावर अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी आक्षेप घेतला. नोबेल मिळवणाऱ्या दोघांचे जेथे जुळले नाही, तेथे आपण एकाच गावावरून ठाम विधान करू नये.

कोरोनाकाळात आजाराचे नुकसान आणि टाळेबंदीचे नुकसान यांचे रकाने वेगळे ठेवावेत. 25 मार्च 2020 रोजी टाळेबंदी लागली, तेव्हा बहुतेक गावांत एकही रुग्ण नव्हता. त्या उन्हाळ्यातील तोटा हा मुख्यतः बाजार बंद झाल्याचा तोटा आहे. 2021 च्या दुसऱ्या लाटेत मात्र दवाखान्याची बिले आणि त्यासाठी काढलेले कर्ज हा भाग मोठा होतो. एप्रिल-जून 2020 मध्ये देशाचे उत्पादन पहिल्या अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी घटले, तर शेती 3.4 टक्क्यांनी वाढली. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला ही वाढ सांगितली, तर तो हसेल. हा आकडा स्थिर किमतींवर काढलेला असतो; पिकलेला माल त्यात मोजला जातो, शेतकऱ्याच्या हाती पडलेला भाव नाही. त्यामुळे बाजार समितीची आवक आणि दर या दोन्ही नोंदी घेऊन गुणाकार करावा.

सोसायटीची थकबाकी पाहताना दोन खड्डे टाळावेत. महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झाली, त्यामुळे 2020 मध्ये थकबाकी घटलेली दिसली तरी ती सुबत्तेची खूण नव्हे. तसेच मार्च ते ऑगस्ट 2020 या काळात बँकांच्या हप्त्यांना स्थगिती होती. ताण असूनही तो खात्यावर उमटला नाही. रोजगार हमीचे हजेरीपट अधिक बोलके आहेत. देशात या कामाचे मनुष्यदिवस 2019-20 मधील सुमारे 265 कोटींवरून पुढच्या वर्षी सुमारे 389 कोटींवर गेले. आपल्या गावाच्या हजेरीपटात नवी नावे किती आली, हे मोजावे.

दुकानदाराने परवानगी दिल्यास उधारीची वही जरूर पाहावी. एप्रिल 2020 च्या महागाईचा सर्वसाधारण आकडा त्या वेळी जाहीरच झाला नव्हता, कारण दर गोळा करणारी माणसे बाजारात जाऊ शकत नव्हती. वहीत मात्र तो महिना ओळीने लिहिलेला असतो. थकलेल्या रकमेपेक्षा मापाकडे लक्ष द्यावे. किलोभर तेल नेणारे घर पावशेरावर आणि पुढे दहा रुपयांच्या पुडीवर केव्हा आले, ती तारीख टिपावी. नावे मात्र उतरवून घेऊ नयेत. घराला क्रमांक द्यावा.

शेवटी माणसांकडे जावे, पण ‘तुमचे किती नुकसान झाले?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर अंदाजपंचे येते. ‘त्या वर्षी घरातले काय विकले, किंवा गहाण ठेवले?’ असे विचारावे. म्हैस, पाटल्या, मोटारसायकल, बांधावरचे सागवान, अशी उत्तरे येतील. प्रत्येक वस्तूपुढे ती केव्हा गेली, कितीला गेली आणि परत आली का, हे लिहून घ्यावे. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवावा.