पुडी त्याची, गाडी तुमची: या चुका टाळा

कोकणातून कुणी मुंबईला निघालं की चार घरच्या पिशव्या त्याच्या सोबतीला येतात. कुळथाचं पीठ, आमसुलं, सुके बांगडे. आत काय आहे ते उघडून बघायचं म्हणजे देणाऱ्याचा अपमान! घरच्या माणसांची गोष्ट निराळी. पण किनाऱ्यावर चार दिवसांपूर्वी ओळख झालेल्या पाहुण्याने “तेवढी बॅग पनवेलला द्या” म्हटलं, तर ही भीड महागात पडेल. आत गांजा-चरससारखे अमली पदार्थ निघाले, तर झडतीत बॅग तुमच्या हातात असेल आणि पाहुण्याचा फोन बंद.

“माझ्या खिशात थोडंच होतं?”

वकिलांकडे येणाऱ्या पोरांचं हे पहिलं वाक्य. 1985च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात खिशाला फारसं महत्त्व नाही. माल आहे हे माहीत होतं का, आणि त्यावर तुमचा ताबा होता का, हे पाहतात. ताबा एकट्याचाच असावा लागतो असंही नाही. हिमाचलमधल्या एका खटल्यात 2003 साली सुप्रीम कोर्टाने गाडीतून एकत्र निघालेल्या, एकमेकांच्या ओळखीच्या सगळ्यांनाच चरसच्या ताब्यासाठी जबाबदार धरलं. शिवाय ताबा सिद्ध झाला की “मला माहीत नव्हतं” हे आरोपीलाच पटवून द्यावं लागतं. म्हणून मित्राकडे पुडी आहे हे कळल्यावर “आता पोचतोच आहोत” म्हणत पुढे जाऊ नका. पुढच्या नाक्यावर उतरा, एसटी पकडा.

नुसतं सोबत असणं म्हणजे कट नव्हे, हेही खरं. मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवरच्या 2021च्या ड्रग्ज प्रकरणात मुंबई हायकोर्टाने जामीन देताना तेच म्हटलं. पण तोवर तरुण पोरांचे जवळपास चार आठवडे कोठडीत गेले होते, आणि त्यांच्यातल्या एकावर पुढे आरोपपत्रही आलं नाही.

“खोली भाड्याने दिली, आत काय करतात ते त्यांचं”

होमस्टेवाल्यांनो, याच कायद्याचं कलम 25 वाचा. घर, खोली, गाडी किंवा होडी अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्याला त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे. वास येतोय आणि तुम्ही दुर्लक्ष करताय, तर “जाणूनबुजून” फार लांब नाही. वाहन जप्त होऊ शकतं; ते सोडवायला आपल्याला माहिती नव्हती आणि पुरेशी काळजी घेतली होती, हे मालकाने दाखवायचं. ओळखपत्राची प्रत आणि नोंदवही तेव्हा कामाला येते.

“थोडंसंच तर होतं”

गांजा 1 किलोपर्यंत, चरस 100 ग्रॅमपर्यंत आणि एमडी (मेफेड्रोन) अवघी 2 ग्रॅमपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण. 20 किलो, 1 किलो आणि 50 ग्रॅमच्या वर गेलं की ते व्यावसायिक: किमान 10 वर्षं शिक्षा आणि जामीन महाकठीण. वजन भेसळीसकट धरतात, हे 2020 पासून पक्कं आहे. पैसे तुमच्या मोबाइलवरून गेले असतील तर कटाचं कलम 29 येऊ शकतं, मग पुडी तुम्ही पाहिलेलीही नसो.

किनाऱ्यावरचं पाकीट

ऑगस्ट 2023 मध्ये दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली. एकेक पाकीट किलोभराचं, म्हणजे व्यावसायिक प्रमाणाच्या उंबऱ्यावरच. असं काही दिसलं तर “बघू तरी काय आहे” म्हणून घरी नेऊ नका. हात न लावता 112 ला फोन करा.

झडती आलीच तर

पळू नका. पुडी खाडीत भिरकावू नका. तेवढ्यासाठीही ती हातात घ्यावी लागते, वर पुरावा नष्ट केल्याचा आरोप. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर मागण्याचा हक्क कलम 50 देतं (हातातल्या बॅगेला तो लागू नाही). बाईची झडती बाईनेच घ्यायची. कोऱ्या कागदावर सही नाही, पंचनामा वाचल्याशिवाय तर नाहीच. आणि मित्राला वाचवायला “माझंच आहे” म्हणणारे महाभाग असतात; वकील येईपर्यंत नाव-पत्ता सांगा, बाकी गप्प बसा.